आडवी काठी

ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. सांगोल्याच्या शाळेत झेंडावंदनाला सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर चहा पिता पिता सांगितली. आणि तरी ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही. जी सांगितली ती वेगळीच होती. तीत मी शूर होतो.

खरी तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर आलं की माझी जीभ आपोआप जुन्या वाटेला लागते. इतक्या वर्षांत तिला त्या वाटेची सवयच झाली आहे, आणि लोकही ऐकायला तयारच बसलेले असतात.

आधी जहाजांबद्दल सांगू द्या. टाळतोय असं वाटेल तुम्हाला — थोडं टाळतोयच. पण जहाज कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या फ्रिगेटी तीन होत्या. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या, एकामागोमाग एक पाण्यात उतरलेल्या. अशा सारख्या जहाजांचा मिळून नौदलात एक वर्ग धरतात आणि पहिल्या जहाजाचं नाव सगळ्या वर्गाला लागतं. आम्ही मराठी पोरं मात्र त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचो. खरी नावं इथे लिहीत नाही. जहाजांचा यात काही दोष नाही. फ्रिगेट अंगानं सडपातळ असते, पण सगळं बरोबर बाळगते. पुढे तोफ, मधे क्षेपणास्त्रं, मागे हेलिकॉप्टर ठेवायची जागा, खाली पाणबुडीचा कानोसा घेणारी यंत्रं. दोन्ही कठड्यांना जड मशीनगन. त्यातल्या मधलीच्या उजव्या कठड्यावरच्या गनपाशी माझी ही गोष्ट घडते.

थोरलीनं परक्या बंदरात लढाई पेटली तेव्हा तिथे अडकलेली आपली माणसं परत आणली. धाकटीनं वादळानंतर बेटांवर पाणी आणि औषधं पोचवली. दोघींच्या वाट्याला पुण्याची कामं आली. मधलीच्या वाट्याला आली चाच्यांविरुद्धची गस्त — एडनच्या आखातात मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर, त्यांना राखत चालायचं. कळपाच्या कडेनं कुत्रं चालतं तसं. हे तेव्हाही माझ्या मनात यायचं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. जहाजावर मी शेतकऱ्याचा मुलगा होतो. मेंढरांचा विषय मी काढतच नव्हतो.

आमचं घर मेंढरांचं. माझे वडील, तात्या, सांगोल्याच्या माळावर आयुष्यभर मेंढरांमागे चालले. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचे, पावसाळ्याच्या तोंडाला परत. लहानपणी मीही बरोबर असायचो. मेंढरांमागे उभं राहायची एक पद्धत असते. काठी मानेमागे खांद्यांवर आडवी टाकायची आणि दोन्ही हात तिच्यावर लोंबते सोडायचे. पाठीला आराम मिळतो, तासन्‌तास उभं राहता येतं. समोरून दुसऱ्याचा कळप आला तर ओरडायचं नाही, मेंढरं बिचकतात. एक हात काठीवरून काढायचा आणि वर धरायचा. पाहिलं तुला, माझी थांबवतो — एवढाच त्याचा अर्थ. समोरचाही हात वर करतो. मग एक कळप थांबतो, दुसरा जातो. हे मला कुणी शिकवलं नाही. चालायला शिकलो तसंच तेही आलं.

आता दत्ताबद्दल. दत्ता जेऊरचा. आम्ही दोघे एकाच जिल्ह्याचे म्हणून जहाजावर एकमेकांना चिकटलो. तो सुट्टीवरून येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन यायचा आणि सगळ्यांत आधी माझा वाटा काढून ठेवायचा. खाता खाता म्हणायचा, "मारत्या, तुमच्याकडं टँकर, आमच्याकडं उजनीचं धरण, आन् आता दोगंबी खाऱ्या पाण्यात. कुणाला सांगावं?" आमच्या घरी मेंढरं आहेत हे जहाजावर फक्त त्याला माहीत होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. त्या उजव्या गनवर तो होता आणि मी त्याचा जोडीदार, गोळ्यांचा पट्टा लावणारा.

एका दुपारी दोन छोट्या वेगवान होड्या ताफ्यावर धावून आल्या. खऱ्या चाच्यांच्या. गोळीबार झाला. आमच्या बाजूनंही झाला. दत्ता गनवर वाकला होता. एक गोळी गनच्या पोलादी ढालीच्या कडेवर आपटली आणि तिथून उडालेला तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात शिरला. तो ओरडला नाही. फक्त मागे बसला, माझ्या मांडीवर. मी त्याचा चेहरा धरला तर माझ्या बोटांमधून गरम काहीतरी खाली गळायला लागलं, आणि त्या जागी डोळा नव्हता. तो विचारत होता, "ऱ्हाईल का रं? ऱ्हाईल का?" मी म्हणालो, राहील. होड्या निसटल्या.

दत्ताला हेलिकॉप्टरनं हलवलं. त्याची गन मी मागून घेतली.

मागून घेतली, हे नीट वाचा. कुणी दिली नाही. मी गेलो आणि म्हणालो, ही मला द्या. साफ करताना बोल्टांच्या खाचांमधे त्याचं वाळलेलं रक्त होतं. ते मी पुसलं नाही. रोज तिथे उभा राहायचो आणि त्या काळ्या रेघा बघायचो. माझ्या डोक्यात रक्त चढलेलं होतं आणि उतरत नव्हतं. जेवण जायचं नाही. साधं कुणी धक्का लागून गेलं तरी त्याचा गळा धरावासा वाटायचा — एकदा धरलाही, स्वयंपाकघरातल्या एका केरळी माणसाचा, पळी वाजली म्हणून. दोघांनी मिळून सोडवला. त्या दिवसांत मला काय हवं होतं? न्याय वगैरे मोठे शब्द मी नंतर वापरायला शिकलो, शाळांमधून भाषणं करताना. मला कुणीतरी मेलेलं हवं होतं. माझ्या हातून. कोण, याला फारसं महत्त्व उरलं नव्हतं.

आणि मग ती सकाळ.

पाणी एकदम सपाट होतं. सूर्य नुकताच वर आलेला, त्यात उन्हाची धुरकट वाफ. त्या बाजूनंच एक लाकडी बोट ताफ्याकडे तिरकी येत होती. चाच्यांच्या होड्यांपेक्षा मोठी, उंच कडांची, मधे निळी ताडपत्री. रेडिओवरून हाका मारल्या, उत्तर नाही. भोंगा वाजवला. मग इशाऱ्याची फैर झाडायचा हुकूम आला. ती मीच झाडली, तिच्या नाकासमोर पाण्यात. गोळ्यांच्या रेघेनं पाणी उसळलं. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

बोटीचा वेग कमी झाला. ती जवळपास थांबली. आणि एक माणूस ताडपत्रीखालून बाहेर येऊन पुढच्या टोकावर उभा राहिला.

पण त्याच्या आधी वास आला होता. वारा तिकडूनच होता. ओली लोकर, लेंड्या, मुताचा उग्र दर्प. जहाजावर दोनशेहून जास्त माणसं होती. त्यातल्या बाकीच्यांना तो समुद्राचाच काहीतरी घाण वास वाटला असेल. मला? माझं नाक त्या वासात वाढलं आहे. डोळे बांधले असते तरी मी सांगितलं असतं की ताडपत्रीखाली मेंढरं आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांना पुरेसं पाणी मिळालेलं नाही. त्या भागात एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर मेंढरं विकायला बोटीतून नेतात, हे आम्हाला गस्तीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो — इथंही आमचेच लोक.

आणि टोकावरच्या माणसाच्या खांद्यावर एक लांब वस्तू होती. मानेमागे. आडवी.

ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, कॅप्टन साहेबांच्या डोळ्यांवर थेट ऊन होतं. दुर्बिणीतून त्यांना एक काळी आकृती आणि खांद्यावरची एक काळी नळी दिसत होती, एवढंच. मी खाली होतो, सगळ्यांत जवळ, आणि माझ्या बाजूला गनच्या ढालीची सावली होती. हेडफोनमधे त्यांनी मला विचारलं, त्याच्या खांद्यावर काय आहे, नीट दिसतंय का?

नीट दिसत होतं. त्याचे दोन्ही हात काठीवरून लोंबत होते. मनगटं सैल. एका पायावर भार. माझ्या तात्यांना कुणी समुद्रात नेऊन उभं केलं असतं तर ते असेच उभे राहिले असते.

मी म्हणालो, "लाँचर आहे, सर. रॉकेट लाँचर. खांद्यावर."

त्यांनी विचारलं, "खात्री आहे?"

मी म्हणालो, "खात्री आहे, सर."

झालं. हेच ते. इतकी वर्षं मी धुकं सांगितलं, ऊन सांगितलं, क्षणाचा निर्णय सांगितला. चौकशीत सांगितलं, दत्ताला सांगितलं. यातलं काहीही नव्हतं. माझी चूक झाली नाही. चुकलो असतो तर आज मी जरा बरा माणूस असतो. मी त्या माणसाला ओळखलं होतं. मेंढरं राखणारा आहे, खांद्यावर काठी आहे, हे त्या जहाजावर ज्याला ओळखता आलं असतं असा मी एकटाच होतो. मी ओळखलं, आणि वेगळं सांगितलं. कारण हुकूम आला असता तरच मला ट्रिगर दाबता आला असता, आणि मला दाबायचा होता.

यानंतर मधे आणखी एक गोष्ट झाली. ती लिहायला हात वळत नाही अजून. तिच्याकडे येतो.

हुकूम आला. मी दाबला.

जड मशीनगनची गोळी माणसाला लागते तेव्हा काय होतं, ते मी शाळेत कधी सांगितलं नाही. माणूस पडत नाही. तो असतो आणि मग त्या आकाराचा उरत नाही. काठी हवेत उडाली, दोनदा फिरली. मी थांबलो नाही. हुकूम एका छोट्या फैरीचा होता. मी ताडपत्रीवरून गन फिरवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. लाकूड फुटत होतं, फळ्यांच्या ढलप्या उडत होत्या, ताडपत्री फाटून आत लाल-पांढरं काहीतरी उसळत होतं. हेडफोनमधे कुणीतरी ओरडत होतं — थांबव, थांबव, थांबव! मला ऐकू येत होतं. मी ओरडत होतो दत्ताचं नाव. शेवटी गोळ्यांचा पट्टा संपला म्हणून थांबलो. तोवर बोट एका बाजूला कलली होती.

मग मेंढरं बाहेर आली. पांढरी अंगं, काळी तोंडं. पहिलं पाण्यात पडलं आणि त्याच्यामागे सगळी, मेंढरं जातात तशी, एकावर एक. काहींचे पाय तुटलेले होते आणि तरी ती पोहायला बघत होती. पाणी बोटीभोवती गुलाबी, मग लाल. सगळ्या जहाजावर चिडीचूप, आणि त्या शांततेत ते बें बें. त्यावेळी माझ्या तोंडातून एक आवाज निघाला. टाळूला जीभ लावून तात्या कळपाला बोलवायला करतात तो. मी केला नाही; निघाला. आणि त्यातली काही आमच्याकडे वळली. वळली, की मला वाटलं? जहाजाच्या पोलादी भिंतीपाशी आली आणि तिला तोंड लावून वर चढायला बघत राहिली. भिंत सरळ होती. एकेक करून खाली गेली.

दोन माणसं जिवंत निघाली. त्यातल्या म्हाताऱ्याला वर घेतलं तेव्हा त्याचा दंड फाटलेला होता. त्याला डेकवर बसवला, हातात पाणी दिलं. त्यानं ते प्यायलं नाही. कठड्याकडे तोंड करून, खालून येणाऱ्या आवाजाकडे कान देऊन, तो टाळूला जीभ लावून तोच आवाज करत राहिला. थोडा वेगळा, पण तोच. मी दहा पावलांवर उभा होतो. तिथून निघून गेलो.

बोट बुडायच्या आधी आमच्या लोकांना तीत एक जुनी रायफल सापडली. प्लास्टिकमधे गुंडाळून, दोरीनं बांधून, फळीखाली ठेवलेली. त्या पाण्यात जवळपास प्रत्येक बोटीवर अशी एखादी असते, चाच्यांचीच भीती म्हणून. पण शस्त्र ते शस्त्र. चौकशीला ते पुरलं. लाँचरचं काय? मी सांगितलं की तो समुद्रात पडला. काहीतरी लांब उडून पाण्यात पडलेलं सगळ्यांनीच पाहिलं होतं. पट्टा रिकामा होईस्तोवर झाडल्याबद्दल कॅप्टन साहेबांनी बोलणी स्वतःवर घेतली. जोडीदाराचा डोळा गेलेला, पोराच्या मनावर परिणाम झाला, असं म्हणाले. आमच्या जहाजावर माझी पाठ थोपटायला रांग लागली. त्या केरळी माणसानंसुद्धा हात मिळवला.

त्यानंतर मी सुट्टीवर घरी गेलो. दुष्काळाचं साल होतं, गावात टँकर येत होता. एसटीतून उतरून मी माळाच्या वाटेनं निघालो. लांबवर, बांधावर, तात्या उभे होते. काठी मानेमागे आडवी. दोन्ही हात लोंबते. मी फौजेच्या बॅगेसह जाग्यावर थांबलो. त्यांनी मला ओळखलं आणि हात वर केला.

मी बॅग टाकून पळत सुटलो. त्यांना वाटलं, पोरगं आनंदानं पळत येतंय. ते हसत होते. मी जाऊन त्यांच्या खांद्यावरची काठी ओढली आणि तिनंच मारलं. एकदा नाही. ते खाली पडल्यावरही मारलं. मी ओरडत होतो — असं उभं राहायचं नाही, पुन्हा असं उभं राहायचं नाही! त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. मेंढरं बिचकून चहूकडे पांगली. तात्यांनी हात डोक्यावर घेतले होते आणि ते एवढंच म्हणत होते, "आरं मी हाय की. मी हाय की रं."

माझ्या हातातली काठी गळून पडली. मी त्यांना पाठुंगळी घेऊन गावात आणलं. डॉक्टरांना तात्यांनी सांगितलं, "बांदावरनं पडलो." आईलाही तेच. मला त्यांनी काहीच विचारलं नाही, ना त्या सुट्टीत, ना पुढे कधी. फक्त मी घरी असलो की ते काठी हातात उभी धरायचे, टेकायला घेतात तशी. मोडलेल्या हाडामुळे आडवी धरता येत नाही असं लोकांना वाटायचं. ते गेले तेव्हा मी समुद्रावर होतो. त्यांना सांगायला माझ्याकडे अनेक वर्षं होती. मी सांगितलं नाही. बापाला मारलं हेही आज पहिल्यांदाच लिहितोय.

पुढे नोकरी पुरी झाली. सोलापुरात आलो, भवानी पेठेत घर घेतलं, कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं काम धरलं. आत माग खडखडतात. तो आवाज दिवसभर अंगावर घेतो आणि लोकांना सांगतो की आम्हाला आवाजाची सवय आहे.

काही वर्षांपूर्वी मधलीला निरोप द्यायचा कार्यक्रम झाला. थोरली आधीच गेली होती. जहाज सेवेतून काढतात तेव्हा सूर्यास्ताला त्याचा झेंडा शेवटचा उतरवतात आणि जुन्या माणसांना बोलावतात. मी गेलो, दत्ता आला, काचेचा डोळा लावून. एका तरुण अधिकाऱ्यानं मधलीचा सगळा इतिहास वाचून दाखवला. किती समुद्र, किती सराव, किती बंदरं. त्यात एक वाक्य आलं — चाचेगिरीविरोधी गस्तीत हल्लेखोरांची एक बोट निकामी केली. टाळ्या झाल्या. दत्तानं माझा हात दाबला. मीही टाळ्या वाजवल्या. का? न वाजवणं दिसलं असतं.

नंतर आमचे जुने कॅप्टन साहेब माझ्यापाशी आले. केस पूर्ण पांढरे झालेले. म्हणाले की त्या सकाळचा विचार अजून मनात येतो, मेंढरं दिसतात. मग आठवतं की मारुतीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मग झोप लागते. माझे आभार मानले त्यांनी. मी सलाम ठोकला.

हे सगळं तिथेच राहिलं असतं कदाचित, माझ्याबरोबर जळून गेलं असतं. पण दत्ताला एक मुलगी आहे, अश्विनी. लहानपणापासून तिनं दुसरी गोष्टच ऐकली नाही. बापाचा डोळा आणि मारुतीकाकांची गोळी. ती नौदलात निवडली गेली तेव्हा दत्ता तिला घेऊन माझ्याकडे आला. केळीचा एक अख्खा घड, पेढे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघवेना. तिला बसवलं आणि म्हणाला, "सांग की मारत्या हिला. आज तुज्या तोंडनं ऐकू दे. माजा डोळा घेतला त्येंचा हिशेब तू कसा केलास, ते ऐकूनच जाऊ दे पोरीला."

मी सांगितलं. धुकं, ऊन, लाँचर. ती लक्ष देऊन ऐकत होती. हुशार पोर. मग तिनं विचारलं, "काका, नुसता खांद्यावर असताना गोळी झाडता येत नसंल ना? त्यानं आधी काहीतरी केलं असंल. काय केलं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नेमकं हेच. दत्ता तिच्याकडे कौतुकानं बघत होता. तिच्या हातात पेढ्याचा अर्धा तुकडा होता. माझ्या घशापर्यंत आलं. खरं सांगतो, आलं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? दत्ताचा डोळा उगीच गेला असता एवढंच. आणि मी त्याच्या दारात पुन्हा उभा राहू शकलो नसतो. मला हे दुसरं जास्त जड गेलं.

मी म्हणालो, "लाँचर आमच्याकडं फिरवला."

ती म्हणाली, "मग बरोबर. मग थांबायचंच न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो. "अजिबात थांबायचं न्हाई."

आता ती धाकटीवर आहे. तिन्ही बहिणींतली तेवढीच राहिली आहे, आणि गस्त त्याच पाण्यात. मध्यंतरी फोन आला होता. आनंदात होती. उजव्या कठड्यावरची गन मिळाली, काका, म्हणाली. तुमचं वाक्य पाठ आहे. मी म्हणालो, शाबास. तिला खरं सांगायला एक फोन पुरतो. माझा फोन खिशात असतो. मी तो केलेला नाही.

तर ती मधली गोष्ट. खात्री आहे का, असं साहेबांनी विचारलं आणि आहे म्हणालो, त्यानंतरची. हुकूम तेवढ्यावरही आला नव्हता. ते थांबले होते. हेडफोनमधे त्यांचा श्वास ऐकू येत होता. बोटीचं इंजिन बंद झालं होतं, तेही मला कळलं होतं. त्या वेळात टोकावरच्या माणसानं मला पाहिलं. ब्रिज नाही, जहाज नाही — मला. तेवढ्या अंतरावरून चेहरे दिसत होते. त्याला थोडी दाढी होती. तो ओरडला नाही. आत मेंढरं होती ना. त्यानं उजवा हात काठीवरून काढला आणि वर धरला. हात निघाला तशी काठी एका बाजूनं कलली आणि तिचं टोक आमच्याकडे आलं.

पाहिलं तुला, माझी थांबवतो.

माझाही उजवा हात गनवरून उठला होता, आपोआप, बोटभर. तो मी परत ट्रिगरवर ठेवला आणि म्हणालो, "फिरवतोय, सर. आमच्याकडे फिरवतोय."